पीपल्स पार्कची वाटणी

चेन्नई सेंट्रलच्या मुख्य दारातून बाहेर पडून उजव्या हाताला पूनमल्ली हाय रोडने चालायला लागलं की आधी उपनगरी गाड्यांचं टर्मिनस लागतं, मग लाल विटांचा व्हिक्टोरिया पब्लिक हॉल आणि त्याच्या शेजारी पांढरीशुभ्र रिपन बिल्डिंग, म्हणजे महापालिकेचं मुख्यालय. या इमारतींच्या मागच्या अंगाला अल्लीकुळमचं बाजार-संकुल आणि जवाहरलाल नेहरू स्टेडियम. जमिनीखाली मेट्रोचं विस्तीर्ण स्थानक. या भागाला पार्क टाउन म्हणतात आणि रस्त्यापलीकडच्या लोकल स्थानकाचं नावही पार्क असंच आहे. हे सगळं ज्या जमिनीवर आहे ती एकेकाळी एकच सलग बाग होती: पीपल्स पार्क, क्षेत्रफळ ११६ एकर. मुंबईची चार शिवाजी पार्क तिच्यात मावली असती.

या बागेचा कधी एकगठ्ठा सौदा झाला नाही. कुणा बिल्डरने ती गिळली नाही. नगरपालिकेने, पुढे महापालिकेने आणि मग राज्य सरकारने तिचे तुकडे एकेक करून वेगळे केले आणि प्रत्येक वेळी कारण चांगलं होतं. नागरिकांना सभागृह हवं होतं, फेरीवाल्यांना मंडई हवी होती, पालिकेला स्वतःचं कार्यालय हवं होतं, खेळाडूंना मैदान हवं होतं, रोज लोकलने येणाऱ्या-जाणाऱ्यांना फलाट हवे होते. यातल्या एकाही गरजेला खोटं म्हणता येणार नाही. म्हणूनच या जमिनीचा मागोवा घ्यावासा वाटतो. शहर आपली एखादी जागा ‘गरजेपेक्षा जास्तीची’ कशी ठरवतं आणि ती हातावेगळी कशी करतं, हे इथे दीडशे वर्षांच्या पट्ट्यावर स्पष्ट दिसतं.

सुरुवात बागेच्याही आधी करायला हवी, कारण ही जमीन मोकळी राहिली तीच मुळी युद्धांमुळे. १७४६मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतलं आणि १७४९मध्ये तहानुसार परत केलं. त्यानंतर इंग्रजांना आपल्या किल्ल्याच्या भिंतीला खेटून असलेली वस्ती धोक्याची वाटू लागली. शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून ती वस्ती, म्हणजे जुना ब्लॅक टाउन, पाडून किल्ल्याच्या उत्तरेला तोफांच्या माऱ्यासाठी मैदान ठेवलं गेलं. त्या मैदानात बांधकाम करू नये म्हणून १७७३मध्ये सीमेचे खांब रोवले गेले. त्यांतला एक पॅरीज कॉर्नरच्या डेअर हाउसपाशी अजून आहे. हैदर अलीच्या स्वाऱ्यांनी धास्तावून कंपनीने नव्या ब्लॅक टाउनभोवती तटबंदी घातली. तिचा कंत्राटदार होता पॉल बेनफिल्ड. हाच पुढे अर्काटच्या नवाबाला चढ्या व्याजाने कर्ज देऊन इतका गबर झाला की ब्रिटिश संसदेत एडमंड बर्कने त्याच्यावर तोफ डागली. तटाचा खर्च आतल्या रहिवाशांकडून कर बसवून वसूल करायचा बेत होता. तो कर प्रत्यक्षात वसूल झाला नाही. रस्त्याला मात्र ‘वॉल टॅक्स रोड’ हे नाव कायमचं चिकटलं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर असे तट जगभर निरुपयोगी झाले. तोफा बदलल्या होत्या आणि शहरं भिंतीबाहेर सांडली होती. भिंत आणि तिच्यासमोरची राखीव मोकळी जागा ही आधुनिक शहरांना मिळालेली पहिली मोठी जास्तीची मालमत्ता. तिचं काय करायचं याची उत्तरं शहरागणिक वेगळी निघाली. व्हिएन्नात सम्राट फ्रान्झ जोसेफने १८५७मध्ये तट पाडण्याचा हुकूम काढला. मोकळी झालेली जमीन विकून आलेला पैसा खास निधीत टाकला आणि त्यातून रिंगस्ट्रासवरच्या सार्वजनिक इमारती उभ्या केल्या. मुंबईत १८६०च्या दशकात बार्टल फ्रिअरने फोर्टचा कोट पाडला. कोटाच्या आत एक मोठं रिकामं मैदान होतं, जिथे कापसाच्या गासड्यांचे ढीग लागत. चार्ल्स फोर्जेट या पोलीसप्रमुखाच्या कल्पनेवरून नगरपालिकेने ते सबंध मैदान विकत घेतलं, त्याचे प्लॉट पाडले आणि चांगल्या नफ्याने विकले. मधोमध गोल बाग ठेवली आणि भोवतालच्या इमारतींचे दर्शनी भाग एकसारखे असले पाहिजेत अशी अट घातली. तेच एल्फिन्स्टन सर्कल, आजचं हॉर्निमन सर्कल. भारतातल्या नगरपालिकेने जमिनीचा व्यवहार किती नीटपणे करावा याचा तो अजूनही उत्तम दाखला आहे असं मला वाटतं. मालकी आधी घेतली, विक्रीच्या अटी आधी ठरवल्या आणि जे राखून ठेवायचं ते विकण्याआधीच बाजूला काढलं.

मद्रासने तिसरा रस्ता धरला. १८५९मध्ये सर चार्ल्स ट्रेव्हेलियन गव्हर्नर म्हणून आला. आयर्लंडच्या दुष्काळात सरकारी मदतीचा हात आखडता ठेवणारा अधिकारी म्हणून त्याचं नाव तिथे अजून संतापाने घेतलं जातं. मद्रासला त्याने तटाच्या पश्चिमेची मोकळी जमीन न विकता शहरातल्या सामान्य माणसांसाठी बाग म्हणून आखून दिली. अकरा तळी, मैलोगणती रस्ते, बँडस्टँड, सार्वजनिक स्नानगृह. बागेच्या नावात राणीचा, राजपुत्राचा किंवा स्वतः गव्हर्नरचा उल्लेख नाही, लोकांचा आहे. त्या काळच्या सरकारी नामकरणाच्या रिवाजात ही गोष्ट उठून दिसते. पुढच्याच वर्षी प्राप्तिकराच्या प्रस्तावाला जाहीर विरोध केला म्हणून ट्रेव्हेलियनला परत बोलावलं गेलं. बाग मागे राहिली, आणि तिची देखभाल नगरपालिकेकडे आली.

१८६३मध्ये एग्मोरच्या सरकारी संग्रहालयातली जनावरं बागेत आणली गेली. एडवर्ड बाल्फोरने १८५५मध्ये संग्रहालयाच्या आवारात सुरू केलेलं ते प्राणिसंग्रहालय. बागेत प्राणी आले म्हणून बागेचं बागपण कमी झालं नाही, उलट गर्दी वाढली. इथवर सगळं ठीक होतं.

पहिला तुकडा निघाला तो सभागृहासाठी. हा व्यवहार बारकाईने पाहण्यासारखा आहे. मद्रास महापालिकेची सनद १६८७च्या डिसेंबरातली आणि प्रत्यक्ष कारभार सप्टेंबर १६८८पासूनचा, म्हणजे भारतातली ही सर्वांत जुनी महापालिका. तिच्या स्थापनेमागे कंपनीचा एक हेतू असा होता की स्थानिकांकडून कर गोळा करून शहरात नगरसभागृह, तुरुंग, शाळा अशा इमारती उभ्या कराव्यात. जवळजवळ दोनशे वर्षं उलटली तरी नागरिकांना जमायला मनासारखं सभागृह नव्हतं. १८८२मध्ये शहरातल्या प्रतिष्ठितांनी एकत्र येऊन वर्गणी काढायचं ठरवलं. १७ डिसेंबर १८८३ रोजी विजयनगरमच्या महाराजांच्या हस्ते कोनशिला बसली. आराखडा रॉबर्ट चिझमचा, बांधकाम नंबेरुमाळ चेट्टी यांचं. १८८७ हे राणीच्या राज्यारोहणाचं सुवर्णमहोत्सवी वर्ष, म्हणून सभागृहाला नाव पडलं व्हिक्टोरिया पब्लिक हॉल.

जमीन नगरपालिकेने दिली, पीपल्स पार्कातून. ५७ ग्राउंड, मुदत ९९ वर्षं, भाडं ग्राउंडमागे आठ आणे. चेन्नईत जमिनीचं माप अजूनही ग्राउंडमध्ये सांगतात आणि एक ग्राउंड म्हणजे २,४०० चौरस फूट. तेव्हा ५७ ग्राउंड झाले तीन एकरांहून थोडे जास्त, आणि भाडं झालं अठ्ठावीस रुपये आठ आणे. करार १८८६पासूनचा.

आज हे भाडं क्षुल्लक वाटतं. तेव्हाही ते नाममात्रच होतं आणि त्यात गैर काही नव्हतं, कारण नागरिक स्वतःच्या पैशाने शहरासाठी सभागृह बांधत होते. दोष आहे तो ९९ या आकड्यात. भाडेपट्टा म्हणजे मालकी न सोडता वापर देणं. कायद्याच्या कागदावर जमीन पालिकेचीच राहते, म्हणून देताना कुणाला आपण काही विकतोय असं वाटत नाही. विक्रीला जेवढा विचार, चर्चा आणि विरोध होईल त्यातलं काहीच होत नाही. आणि मुदत संपते तेव्हा करार करणाऱ्यांपैकी कुणीही जिवंत नसतं. भाडं वाढवण्याची सोय करारात नसेल तर ते पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहतं. पट्टेदार दरम्यान पोटभाडेकरू ठेवतो, आवारात नवी बांधकामं होतात, आणि परत घ्यायची वेळ येते तेव्हा पालिकेला आपलीच जमीन मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागते. भारतातल्या शहरांनी आपली मालमत्ता सर्वांत जास्त गमावली ती अशी, न विकता.

त्या सभागृहाने शहराला जे दिलं त्याची किंमत मात्र आठ आण्यांत मोजता येणार नाही. शिकागोहून परतलेल्या विवेकानंदांनी १८९७मध्ये इथे व्याख्यान दिलं. पम्मल संबंध मुदलियार यांच्या सुगुण विलास सभेने इथे तमिळ रंगभूमीला सुशिक्षितांमध्ये प्रतिष्ठा मिळवून दिली. आपल्याकडे किर्लोस्कर मंडळीने मराठी संगीत नाटकाला जे स्थान मिळवून दिलं, तसंच काम तिकडे या हौशी मंडळींनी केलं. मद्रासमधले हलत्या चित्रांचे अगदी सुरुवातीचे खेळही याच छपराखाली झाले. नोव्हेंबर १९१६मध्ये त्यागराय चेट्टी, डॉ. टी. एम. नायर आदी ब्राह्मणेतर पुढारी इथेच जमले आणि त्या बैठकीतून जस्टिस पार्टीची वाट निघाली. तमिळनाडूचं पुढचं शंभर वर्षांचं राजकारण त्या वाटेनेच चाललं आहे. त्यामुळे बागेतला हा पहिला तुकडा वाया गेला असं कुणीही म्हणणार नाही, मीही म्हणत नाही.

दुसरा मोठा तुकडा मंडईचा. ब्रॉडवेवर पोफमचा जुना बाजार होता, गर्दीचा आणि घाणीचा. तो हलवून नवी मंडई बांधायचं पालिकेने ठरवलं. १८९८मध्ये पालिकेचे अध्यक्ष सर जॉर्ज मूर यांच्या हस्ते बांधकामाला सुरुवात झाली आणि १९००मध्ये लाल रंगाची, कमानींची, मध्ये मोकळा चौक असलेली इमारत उघडली. तिला मूर यांचंच नाव मिळालं. जमीन पुन्हा पीपल्स पार्कची. पालिकेला ती विकत घ्यावी लागली नाही, कुणाला हलवावं लागलं नाही, नुकसानभरपाई द्यावी लागली नाही. बाग पालिकेचीच असल्यामुळे प्रत्येक नव्या इमारतीला सर्वांत स्वस्त जागा तीच पडत होती. पालिकेच्या हिशेबवहीत बागेची किंमत शून्य धरलेली असते. तिथून काही येत नाही, उलट माळ्यांवर आणि पाण्यावर खर्च होतो. असा हिशेब मांडला की कुठलीही बाग जास्तीचीच ठरते.

मूर मार्केटची आठवण काढताना वयस्क चेन्नईकरांचा आवाज अजून कातर होतो. जुनी पुस्तकं, ग्रामोफोनच्या तबकड्या, नाणी, पोपट, ससे, माशांच्या काचेच्या टाक्या, सेकंडहँड फर्निचर, असं सगळं तिथे मिळायचं. आपल्याकडे फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरची पुस्तकं, चोर बाजार आणि क्रॉफर्ड मार्केटमधली पाखरांची दुकानं एका छपराखाली आणली तर काहीसं तसं चित्र दिसेल. कित्येक तमिळ लेखकांनी आणि प्राध्यापकांनी आपलं वाचन त्या गाळ्यांतून घडलं असं लिहून ठेवलं आहे.

तिसरा तुकडा पालिकेने स्वतःसाठी घेतला. ११ डिसेंबर १९०९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मिंटोने पायाचा दगड बसवला, लोगनाथ मुदलियार यांनी साडेसात लाखांत इमारत बांधली आणि २६ नोव्हेंबर १९१३ रोजी तिचं उद्घाटन झालं. नाव दिलं माजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपनचं, कारण १८८२च्या ठरावाने स्थानिक स्वराज्याचा पाया त्याने घातला अशी सर्वांची भावना होती. स्थानिक स्वराज्याच्या या स्मारकासाठी लोकांच्या बागेची जमीन वापरली गेली.

याच सुमारास साउथ इंडियन अॅथलेटिक असोसिएशनने बागेत जम बसवला. जत्रा, प्रदर्शनं, कुस्त्या, क्रिकेट असं बरंच काही तिच्या आवारात चाले. पुढे बागेच्या जमिनीवर कॉर्पोरेशन स्टेडियम उभं राहिलं. जानेवारी १९५६मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत विनू मंकड आणि पंकज रॉय यांनी सलामीला ४१३ धावांची भागीदारी केली ती याच मैदानावर. मंकड २३१, रॉय १७३. तो जागतिक विक्रम २००८पर्यंत टिकला. मराठी क्रिकेटवेड्या घरांत हा आकडा पाठ असतो, पण तो कोणाच्या बागेवर रचला गेला हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

इथे थोडं बाजूला वळून त्याच काळातला दुसरा व्यवहार पाहायला हवा. शहराच्या नैऋत्येला नुंगमबाक्कमपासून सैदापेटच्या दिशेने पसरलेला, ‘लाँग टँक’ या नावाने ओळखला जाणारा मोठा तलाव होता. १९२०मध्ये मद्रासचा नगररचना कायदा झाला आणि १९२३पासून मांबलमच्या बाजूचं पाणी काढून टाकून तिथे नवं उपनगर आखलं गेलं. मध्ये पानगल पार्क, त्यातून फुटणारे रस्ते, रस्त्यांना जस्टिस पार्टीच्या पुढाऱ्यांची आणि पालिकेतल्या माणसांची नावं. वसाहतीचं नाव पालिकेचे पहिले बिगरसरकारी अध्यक्ष त्यागराय चेट्टी यांच्यावरून त्यागराय नगर, म्हणजे आजचं गजबजलेलं टी. नगर. व्यवहार म्हणून हा स्वच्छ होता. कायदा होता, आराखडा होता, उद्यानांच्या जागा आधी राखलेल्या होत्या, प्लॉट मोजून पाडलेले होते. एल्फिन्स्टन सर्कलची शिस्त इथे दिसते. चूक झाली ती व्यवहाराच्याही आधी, तलावाला जास्तीचा मानण्यात. पावसाळ्यात टी. नगरच्या रस्त्यांवर पाणी तुंबतं तेव्हा ते आपल्या जुन्या मुक्कामी आलेलं असतं. कागदपत्रं निर्दोष असली तरी निर्णय चुकीचा असू शकतो.

आता मुख्य धाग्याकडे. १९७३मध्ये हजेरीपटाचा घोटाळा उघडकीला आला. नसलेल्या कामगारांच्या नावाने पगार काढले गेले होते. राज्य सरकारने महापालिका बरखास्त केली. ही बरखास्ती टिकली १९९६पर्यंत, म्हणजे तेवीस वर्षं. त्या काळात देशातल्या सर्वांत जुन्या महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. कारभार सरकारने नेमलेले विशेष अधिकारी पाहत. पुढे १९९६मध्ये एम. के. स्टालिन थेट जनतेतून निवडून आलेले महापौर झाले तेव्हा सभागृह पुन्हा भरलं.

पीपल्स पार्कचे उरलेसुरले मोठे निर्णय याच तेवीस वर्षांत झाले, आणि मला यात योगायोगापेक्षा जास्त काही दिसतं. १९८५ हे एकच वर्ष पाहा. व्हिक्टोरिया हॉलचा ९९ वर्षांचा पट्टा संपला. प्राणिसंग्रहालय बागेतून उठून शहराबाहेर वंडलूरला गेलं. जनावरांच्या दृष्टीने ते फार चांगलं झालं, तिथे त्यांना मोकळं रान मिळालं. आणि ३० मे १९८५ रोजी मूर मार्केटला आग लागून ते जळून गेलं. मार्केटची जागा दक्षिण रेल्वेला सेंट्रलच्या विस्तारासाठी हवी होती आणि ती जागा आगीआधीच चर्चेत होती. आग लागल्यावर ती रेल्वेकडे गेली आणि तिथे उपनगरी टर्मिनस उभं राहिलं. रेल्वेच्या लेखी त्या टर्मिनसचं नाव आजही मूर मार्केट कॉम्प्लेक्स आहे. स्थानकाच्या आवारात जुन्या मार्केटची छोटी प्रतिकृती ठेवलेली आहे.  

जळालेल्या गाळ्यांच्या मालकांना पालिकेने जवळच नवं संकुल बांधून दिलं. बागेच्या अकरा तळ्यांपैकी एक कुमुदांचं तळं होतं, तमिळमध्ये अल्लीकुळम. संकुल तिथेच उभं राहिलं आणि त्याचं नावही तेच पडलं. एका सार्वजनिक जागेवरून हलवलेल्यांना सोय करून द्यायची, तर ती दुसऱ्या सार्वजनिक जागेचा घास घेऊन, हा आपल्या शहरांचा नेहमीचा मार्ग. पुस्तकवाल्यांपैकी काहींनी तिथे तग धरला. जुन्या मार्केटची वर्दळ मात्र बंदिस्त मजल्यांवर चढली नाही.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या स्टेडियमच्या जागी नवं जवाहरलाल नेहरू स्टेडियम बांधलं गेलं. १९९५च्या दक्षिण आशियाई स्पर्धा तिथे झाल्या. जे स्टेडियम पूर्वी कॉर्पोरेशनच्या नावाने ओळखलं जायचं ते आता राज्याच्या क्रीडा प्राधिकरणाकडे आहे. हा बदल कुठल्याही लिलावाशिवाय, जाहिरातीशिवाय होतो. राज्य सरकार आणि महापालिका यांच्यातल्या फायलींवर जमीन हात बदलते आणि ‘सरकारी जमीन सरकारकडेच राहिली’ असं म्हणून सगळे निर्धास्त होतात. पण महापालिकेची जमीन आणि राज्य सरकारची जमीन यांत फरक आहे. पहिलीबद्दल वॉर्डातला माणूस आपल्या नगरसेवकाला जाब विचारू शकतो. नगरसेवकच नसेल तर जाब कोणाला विचारणार? ही चिंता जुन्या काळापुरती नाही. २०१६च्या ऑक्टोबरपासून २०२२च्या फेब्रुवारीपर्यंत चेन्नईत पुन्हा निवडून आलेलं सभागृह नव्हतं. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं तिथला कारभार प्रशासकाच्याच हाती होता. त्याच काळात महापालिकेचे मोक्याचे भूखंड लांब मुदतीने भाड्याने देण्याचे प्रस्ताव पुढे आले. महाराष्ट्रातल्या वाचकाने चेन्नईची कथा परक्याची म्हणून वाचू नये ती एवढ्यासाठी.

आपला कायदा या बाबतीत बराच कडक आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ यातलं कलम ७९ सांगतं की स्थावर मालमत्ता विकताना किंवा पट्ट्याने देताना मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी असता कामा नये, आणि मोठ्या व्यवहाराला सभागृहाची मंजुरी लागते. मुंबईसाठी १८८८च्या कायद्यातलं कलम ९२ आहे. पण कायदा किंमत ठरवतो, गरज ठरवत नाही. जागा जास्तीची आहे का, हा प्रश्न कलमांच्या आधीचा आहे. तो विचारण्याची ताकद न्यायालयांनी अधूनमधून दाखवली आहे. लखनौच्या झंडेवाला पार्काखाली महापालिकेने एका बिल्डरकडून भूमिगत बाजार बांधून घ्यायला काढला, तेव्हा १९९९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम पाडून बाग पूर्ववत करायला लावली. पालिका ही बागेची विश्वस्त आहे, तिला ती मालकाच्या हक्काने वाटून टाकता येणार नाही, असा त्या निकालाचा गाभा. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेला भूखंड खासगी रुग्णालयाला दिला गेला होता, तो व्यवहार १९९१मध्ये याच न्यायालयाने रद्द ठरवला. हे निकाल मद्रासच्या १८८६ किंवा १९८५च्या व्यवहारांना लावता येत नाहीत. पण त्यांच्या प्रकाशात पाहिलं तर पीपल्स पार्कच्या बाबतीत असा प्रश्न कुणी विचारलाच नाही हे लक्षात येतं. कारण प्रत्येक वेळी घेणारा सार्वजनिकच होता.

जमीन परत येते का? क्वचित येते. व्हिक्टोरिया हॉलचा पट्टा संपल्यावरही ताबा मिळायला पालिकेला अनेक वर्षं कोर्टकचेरी करावी लागली. मधल्या काळात सभागृह मोडकळीला आलं होतं आणि आवारात एक हॉटेलही चालत होतं. मेट्रोचं काम सुरू झालं तेव्हा हॉल आणि रिपन बिल्डिंग यांच्या समोरची जागा त्यासाठी खणली गेली आणि शतकभर जुन्या भिंतींना धक्के बसतील म्हणून शहर काळजीत पडलं. पुढे पालिकेनेच त्या हॉलची डागडुजी हाती घेतली. ज्या नागरिकांनी वर्गणी काढून तो उभारला त्यांच्या पणतवंडांच्या करातून.

मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सचा पट्टा १९१४चा, तोही ९९ वर्षांचा, २०१३मध्ये संपला. त्यानंतर दहा-अकरा वर्षं वाद घालून २०२४मध्ये २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी मोकळे करायचं ठरलं आणि उरलेल्या जागेचा नवा पट्टा क्लबला मिळाला. चेन्नईत त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने गिंडीच्या रेसकोर्सचा पट्टा रद्द केला. १६० एकरांहून जास्त जमीन, १९४५चा करार, मुदत पुन्हा ९९ वर्षं, वार्षिक भाडं सहाशे चौदा रुपयांच्या घरात. सरकारने थकबाकी काढली ती ७३० कोटींची. सहाशे रुपये आणि सातशे तीस कोटी यांच्यामधल्या दरीत पन्नासएक वर्षांचं सरकारी दुर्लक्ष आहे, आणि त्याची जबाबदारी एकट्या क्लबवर टाकता येणार नाही. ज्याची जमीन त्याने मुदतीतच वहीत डोकावून भाडं वसूल करायला हवं होतं. क्लबने न्यायालयात दाद मागितली. दरम्यान, पावसाचं पाणी मुरवायला जागा हवी म्हणून महापालिकेने त्या जमिनीवर तळी खोदायला घेतली.

पीपल्स पार्कातली जी पट्टी बाग म्हणून टिकली ती रिपन बिल्डिंगच्या मागे, माय लेडीज गार्डन या नावाने. तिथे एके काळी फुलांची प्रदर्शनं भरत. ती महापालिकेच्याच ताब्यात आहे. अशा जागा नकळत हातच्या जाऊ नयेत म्हणून चेन्नई, मुंबई, पुणे अशा प्रत्येक शहराच्या महापालिकेने आपल्या सगळ्या पट्ट्यांची यादी, कुणाला, किती वर्षांसाठी, किती भाड्याने आणि कोणत्या तारखेपर्यंत, अशी वॉर्ड कार्यालयाच्या भिंतीवर लावली पाहिजे. सभागृह असो वा प्रशासक, मुदत संपायच्या आधी पाच वर्षं तरी नागरिकांना ती तारीख ठाऊक असायला हवी.